रेंज नसलेलीच बरी!

आमच्या कौंडण्यपूरच्या घरात मोबाइलला रेंज शोधायची एक ठरलेली जागा आहे. गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या डाव्या बाजूला. लॉकडाऊनमध्ये माझे निम्मे ऑनलाइन तास तिथं उभ्यानं झाले. परीक्षेचा फॉर्म भरताना ओटीपी यायचा आणि मी जिना चढेपर्यंत त्याची वेळ संपायची. त्यामुळे माझ्यासाठी विकासाची व्याख्या फार सोपी होती : फुल रेंज.

मग २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाला, पुण्यातल्या मैत्रिणींसोबत मी खोडदला गेले. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगाव लागतं, तिथून आत हे गाव आहे. द्राक्षं, टोमॅटो, कांदा आणि मधूनच आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या अवाढव्य तबकड्या. ही जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. विज्ञान दिनाला ती सगळ्यांसाठी खुली असते. गावोगावच्या शाळा-कॉलेजांतली मुलं आपापली मॉडेल्स घेऊन येतात, अगदी जत्रेसारखी गर्दी असते. आत जाण्याआधी मी मोबाइल बंद केला आणि आयुष्यात पहिल्यांदा रेंज नसल्याचं वाईट वाटलं नाही.

कारण इथं जे ऐकायचं असतं ते फार म्हणजे फारच हळू आवाजात येतं.

जागलीवरची बॅटरी

सूर्यापेक्षा बराच मोठा तारा आयुष्याच्या शेवटी फुटतो, तेव्हा कधीकधी त्याचा गाभा आत कोसळून न्यूट्रॉन तारा तयार होतो. वस्तुमान सूर्याहून जास्त, पण व्यास जेमतेम २० ते २५ किलोमीटर. म्हणजे कौंडण्यपूर ते अमरावती या अंतराच्या निम्म्यात अख्खा तारा बसला! फिरत्या खुर्चीवर हात पसरून गिरकी घ्या आणि हात जवळ ओढा, वेग वाढतो. ताऱ्याचंही तसंच होतं. आकुंचन पावला की तो भन्नाट फिरू लागतो. सगळ्यात वेगवान सापडलेला न्यूट्रॉन तारा सेकंदाला ७१६ वेळा फिरतो.

या ताऱ्याच्या चुंबकीय ध्रुवांकडून रेडिओ लहरींचे झोत निघतात. आपल्याकडे रात्री शेतात जागलीला गेलेला माणूस बॅटरी गोल फिरवतो, तेव्हा लांबच्या बांधावर उभ्या असलेल्याच्या डोळ्यांवर उजेड दर फेरीला एकदाच येतो ना, तसंच इथं. झोत पृथ्वीवरून गेला की एक ठोका. पुढची फेरी, पुढचा ठोका. असा ठोके देणारा न्यूट्रॉन तारा म्हणजे पल्सार.

पहिला पल्सार सापडला १९६७ मध्ये, केंब्रिजला. शोधणारी जोसेलिन बेल तेव्हा २४ वर्षांची पीएचडीची विद्यार्थिनी होती, म्हणजे माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. ज्या अँटेनावर ती काम करत होती, ती उभारायलाही ती स्वतः राबली होती. रोज यंत्रातून निघणारा कितीतरी मीटर लांब कागद ती डोळ्यांखालून घालायची. त्यात एके ठिकाणी तिला जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची विचित्र खरखर दिसली. कुणीही म्हटलं असतं, बाहेरचा गोंगाट असेल, सोड. तिनं सोडलं नाही. नीट पाहिलं तर दर १.३३७ सेकंदांनी एक ठोका येत होता. १९७४ चं नोबेल मात्र तिच्या मार्गदर्शकांना, अँटनी ह्युइश यांना मिळालं. पुढे २०१८ मध्ये तिला ३० लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला, तेव्हा तिनं ती सगळी रक्कम संधी न मिळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकली.

जाळीची दुर्बीण

जीएमआरटीमागचं डोकं गोविंद स्वरूप यांचं. १९२९ मध्ये उत्तर प्रदेशात जन्मलेल्या या माणसानं आधी उटीच्या डोंगरउतारावर रेडिओ दुर्बीण उभी केली आणि मग खोडदला ३० अँटेनांचा हा पसारा मांडला. एकेका तबकडीचा व्यास ४५ मीटर. १४ तबकड्या मधल्या भागात, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन दिशांना पसरलेल्या. या सगळ्यांचे संदेश एकत्र केले की जणू २५ किलोमीटर रुंदीची एकच दुर्बीण तयार होते.

एवढ्या मोठ्या तबकड्या भरीव पत्र्याच्या केल्या असत्या तर खर्चही झेपला नसता आणि वाराही. म्हणून स्वरूप यांच्या चमूनं ताणलेल्या तारांच्या दोरांवर स्टीलची बारीक जाळी बसवली. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरीला ती जाळी भरीव आरशासारखीच असते, वारा मात्र आरपार निघून जातो. कमी पैशांत जागतिक दर्जाचं काम, तेही इथल्या मातीत.

वारी आणि चिखल

आता जरा गावाकडे येऊ. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. इथून दरवर्षी आषाढीला पालखी पंढरपूरला पायी जाते. समजा, दोन वारकरी एकाच वेळी निघाले, एक चपळ, दुसरा सावकाश. वाटेत जितका चिखल जास्त, तितकं त्यांच्यातलं अंतर वाढणार. पंढरपुरात बसून नुसतं हे अंतर मोजलं तरी वाट कशी होती ते कळेल.

पल्सारच्या ठोक्याचं असंच होतं. ताऱ्यांमधल्या अवकाशात मोकळे इलेक्ट्रॉन पसरलेले असतात, तो त्यांचा चिखल. जास्त कंप्रतेच्या लहरी आधी पोहोचतात, कमी कंप्रतेच्या मागे पडतात. जीएमआरटी नेमकी या मागे पडणाऱ्या लहरी उत्तम ऐकते, त्यामुळे वाटेतल्या चिखलाचा हिशेब चोख लागतो. तो हिशेब वजा केला की हाती येतं आकाशातलं घड्याळ. काही पल्सारचे ठोके सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतके अचूक मोजता येतात.

या घड्याळांवरूनच २९ जून २०२३ ला मोठी बातमी आली. महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरताना विश्वात ज्या संथ गुरुत्वीय लहरी उठवत असाव्यात, त्यांचे पुरावे पल्सारच्या ठोक्यांतल्या बारीक फरकांत मिळाले. जगातल्या अनेक गटांनी ते एकाच वेळी मांडले. युरोपीय गटासोबत होता आपला इंडियन पल्सार टायमिंग अॅरे आणि त्याची निरीक्षणं होती खोडदची.

मग रेल्वेचं काय?

इथंच खरी गोची आहे. चंद्रावर एक साधा मोबाइल चालू ठेवला तरी पृथ्वीवरच्या रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातल्या ठळक स्रोतांपैकी एक वाटेल. पल्सार त्याच्यापेक्षा हजारो पटींनी मंद. मग शेजारी टॉवर, कारखाना, विजेवर धावणारी गाडी आली तर?

पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मूळ मार्ग नारायणगाव परिसरातून आखलेला होता. दुर्बिणीला होणाऱ्या अडथळ्याचं कारण पुढे आलं, मार्ग बदलायची वेळ आली आणि त्या भागातले लोक नाराज झाले. मला त्यांचा राग समजतो. गच्चीवर ओटीपीची वाट पाहणाऱ्या मुलीला नाही समजणार तर कुणाला? टोमॅटो पिकवणाऱ्यानं न्यूट्रॉन ताऱ्यासाठी गाडी का सोडावी, हा प्रश्न बिनकामाचा नाही. तुम्ही दुसरा मार्ग द्या, पण लवकर द्या, असं म्हणायचा त्यांना हक्कच आहे. पण गाडीला वळण देता येतं, दुर्बिणीला नाही. तीस तबकड्या उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. शांतता हाच तिचा सगळ्यात महागडा सुटा भाग आहे आणि तो कुठल्याच बाजारात मिळत नाही.

आणि हे काम फक्त मोठ्या शहरातल्या हुशार मुलांचं आहे, हा समज आधी काढून टाका. दुर्बीण चालवणाऱ्या पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात कॉलेज विद्यार्थ्यांसाठी रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा होते, उन्हाळ्यात संशोधनाचा अनुभव देणारा कार्यक्रमही असतो. फिजिक्सवाले लागतातच, पण इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, मेकॅनिकलवाल्यांनाही भरपूर काम आहे. केंद्राच्या वेबसाइटवर लक्ष ठेवा. काहीच नाही तर पुढच्या २८ फेब्रुवारीला खोडद तरी गाठा.

घरी आल्यावर आजीनं विचारलं, "काय आयकाले गेलती वं एवढ्या दूर?"

मी तिला मोबाइलवर वेला पल्सारचं रेकॉर्डिंग लावून दिलं. सेकंदाला अकरा ठोके, टकटकटकटक. डाउनलोड व्हायला गच्चीवर जावं लागलं होतं, हे आलंच. आजीनं फोन कानाला लावला आणि मागे चालू असलेल्या टीव्हीकडे वळून ओरडली, "बंद करा रे थे! मले काही आयकू येऊन नाही राह्यलं."