डेसिकेटर: कोरडे करणारा नव्हे, कोरडे ठेवणारा

बडोद्यात पावसाळा सुरू झाला की प्रयोगशाळेतल्या बाटल्यांचीही तब्येत बिघडते. झाकण उघडे राहिले तर कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या पाहता पाहता पाणावतात. म्हणून अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी जाड काचेच्या त्या जड भांड्याशी, म्हणजे डेसिकेटरशी, नीट ओळख करून घ्यावी असे आम्हाला वाटते.

ओला पदार्थ आत ठेवला की वाळून निघतो, असा पुष्कळांचा समज असतो. वाळवण्याचे खरे काम ओव्हनचे. पापड-कुरडया उन्हात वाळतात आणि मग घट्ट झाकणाच्या डब्यात जातात. डेसिकेटर म्हणजे तो डबा. फरक इतकाच, की जाळीखालचे सिलिका जेल आतल्या हवेतला ओलावा शोषत राहते. निळे जेल गुलाबी झाले की त्याची ताकद संपली. १२० अंश सेल्सिअसला दोन-तीन तास तापवले की ते पुन्हा निळे होते. मात्र हा रंग कोबाल्ट क्लोराइडचा, आणि ते कर्करोगकारक मानले जाते. त्यामुळे नवे जेल घेताना कोबाल्टविरहित नारंगी घेतलेले बरे.

झाकण उचलू नये, आडवे सरकवावे. तापलेली मूस आत ठेवल्यावर थंड होताना आतली हवा आकसते. झाकण एकदम उघडले तर बाहेरची हवा जोरात शिरते आणि मुशीतली भुकटी उडते. गरम मूस थेट तराजूवरही ठेवू नये. तिच्याभोवतीची हवा वर चढते आणि वजन कमी भरते.

आता खरी मेख. सगळेच पदार्थ आत ठेवायचे नसतात! ऑक्झॅलिक आम्लाच्या स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात, म्हणून आपण रेणुभार १२६ धरतो. हे स्फटिक तीव्र शोषकाजवळ फार दिवस राहिले तर ते पाणी सुटू लागते. सगळेच गेले तर रेणुभार उरतो ९०. मग लिटरला ६.३ ग्रॅम घेऊन ०.०५ मोलरऐवजी ०.०७ मोलर द्रावण तयार होते आणि वर्गातल्या सगळ्यांचे अनुमापन चुकते. ऑक्झॅलिक आम्ल घट्ट बुचाच्या बाटलीतच बरे.

हे केवळ प्रॅक्टिकलच्या गुणांपुरते नाही. १९०७ साली अलेम्बिकची स्थापना झाली तेव्हापासून बडोदे औषधनिर्मितीचे गाव आहे. औषधाच्या कच्च्या मालाचा नमुना तोलतात, ओव्हनमध्ये वाळवतात, डेसिकेटरमध्ये थंड करून पुन्हा तोलतात. वजनातली घट ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आली, तर तो माल परत जातो.