खेळात तुमच्या पात्रानं देवळातली मूर्ती चोरली तर? 'अलाइनमेंट'चा गोंधळ समजून घ्या

२२ ऑगस्ट २०२२ च्या सकाळी जालना जिल्ह्यातलं जांब समर्थ गाव हादरलं. समर्थ रामदासांच्या या जन्मगावातल्या मंदिरातून जुन्या मूर्ती चोरीला गेल्या होत्या. विषय थेट विधानसभेत गेला. मूर्ती पोलिसांच्या हाती लागेपर्यंत ऑक्टोबर उजाडला.

आता अशीच चोरी खेळात होतेय असं समजा. चार मित्र 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळत आहेत. त्यांची पात्रं एका गावात मुक्कामी आहेत. एक जण म्हणतो, "रात्री मी देवळातली मूर्ती उचलतो." खेळ चालवणाऱ्या 'डंजन मास्टर'नं, म्हणजे डीएमनं, काय करायचं?

अलाइनमेंट म्हणजे काय?

१९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ आणला. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो, ते काय करतं हे तोंडी सांगतो आणि जमलं की फसलं हे फासे ठरवतात. पात्राचा नैतिक कल सांगणाऱ्या शिक्क्याला 'अलाइनमेंट' म्हणतात. सुरुवातीला लॉ, न्यूट्रल आणि केऑस असे तीनच प्रकार होते. पुढे त्यात गुड आणि इव्हिल आले आणि नऊ चौकटी तयार झाल्या. सोशल मीडियावर 'लॉफुल गुड' ते 'केऑटिक इव्हिल' असे मीम दिसतात, ते इथूनच आले.

कायदा मोडणारा वाईटच का?

नाही. म्हणून तर दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत. १९३० मध्ये कोकणात शिरोड्याला सत्याग्रहींनी मिठाचा कायदा मोडला. त्यांना 'इव्हिल' कोण म्हणेल? उलट, नियमावर बोट ठेवून गरिबाची जमीन गिळणारा सावकार 'लॉफुल इव्हिल' ठरतो. त्यामुळे पात्रानं चोरी केली एवढ्यावरून निकाल देता येत नाही. कुणाचं चोरलं, कशासाठी आणि त्याची झळ कुणाला बसली, हे बघावं लागतं.

मग शिक्षा कशी करायची?

जुन्या नियमांत 'पॅलाडिन' हा धर्मयोद्धा लॉफुल गुडच असावा लागे. त्यानं जाणूनबुजून दुष्कृत्य केलं की त्याची शक्ती जाई. यावरून टेबलावर भांडणं होत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पॅलाडिनवरची ही सक्ती उरली नाही.

पण म्हणून चोरी फुकट जाऊ नये. मूर्ती उचलताच आभाळातून अजिंक्य पहारेकरी उतरवला, तर खेळाडूला तो डीएमचा राग वाटतो. त्यापेक्षा गावालाच उत्तर देऊ द्या. सकाळी पुजारी दार उघडतो. काल आलेल्या पाहुण्यांवर संशय जातो. खानावळीत कुणी जेवण देत नाही. ओळखीची मूर्ती विकायची तर गिऱ्हाईक सापडत नाही आणि जो घ्यायला तयार होतो, तोच पुढे धमकावतो. परत करण्याची वाटही उघडी ठेवा. शिक्षेपेक्षा ही गोष्ट जास्त रंगते.

शिक्का एका चुकीनं बदलू नका. पात्र पुन्हा पुन्हा तसंच वागत असेल, तर खेळाडूशी बोला आणि मग बदला.

"माझं पात्र असंच आहे!"

सोबत्यांचेच खिसे कापणारे खेळाडू हमखास हे कारण देतात. पण पात्र कुणी घडवलं? त्यांनीच. इथे अडचण पात्राची नसून खेळाडूची असते आणि ती खेळाबाहेर, तोंडावर बोलूनच सुटते. पात्राला तुरुंगात टाकून मित्राची समजूत पटत नाही.

म्हणून अनेक गट खेळाआधी 'सेशन झीरो' घेतात. चोरी चालेल का? एकमेकांना लुटायचं का? कोणते विषय नकोत? अर्ध्या तासात हे ठरतं.

देवळातल्या चोरीचा विषय आला, तर डीएमनं आणखी एक विचारावं. कुणासाठी ती नुसती खेळातली वस्तू असेल, पण टेबलावर कदाचित जांब समर्थसारख्या गावातलाही कुणी बसलेला असेल. त्याला तो प्रसंग चालणार आहे का?