टक्केवारीच्या छेदात कोण?

दहावीच्या निकालाची वर्तमानपत्री पाने साठवण्याचा माझा नाद जुना. घरच्यांच्या लेखी ती रद्दी. पण 2019 आणि 2020 ची पाने शेजारी ठेवून पाहा. अमकी शाळा चांगली, तमकी वाईट, असे म्हणणाऱ्याची जीभ अडखळेल.

2019 मध्ये राज्याचा निकाल 77.10 टक्के लागला. आपल्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबाद विभागाचा 75.20, नऊ विभागांत सहावा. पुढच्या वर्षी हाच विभाग 92.00 वर गेला आणि शेवटचा आला! नागपूर 67.27 वरून 93.84 वर. विदर्भातली पोरे वर्षभरात एवढी हुशार झाली म्हणायची?

झाले होते ते असे. 2019 ला नवा अभ्यासक्रम आला आणि भाषा, सामाजिक शास्त्रे यांचे शाळेच्या हातचे 20 गुण गेले. ओरड झाली, गुण परत आले. त्यात 2020 मध्ये करोनामुळे भूगोलाचा पेपरच रद्द झाला, त्याचे गुण सरासरीने मिळाले. राज्य 95.30 वर. म्हणजे अठरा टक्क्यांच्या या उडीत शिकवण्याचा वाटा किती, ते देव जाणे.

गावातल्या दोन शाळांची तुलना तर याहून अवघड. आपल्याकडे एका बाजूला जिल्हा परिषदेची प्रशाला आणि दुसऱ्या बाजूला संस्थेची शाळा, असा सामना असतो. साताऱ्याकडे तो दोन संस्थांमध्येही होतो, कारण तिथे 1919 मध्ये स्थापन झालेल्या ‘रयत’ शिक्षण संस्थेने पुढे माध्यमिक शिक्षण खेडोपाडी नेले. आपला मराठवाडा मात्र निजामाच्या राज्यात होता आणि तिथे माध्यमिक शाळा मुख्यतः सरकारी. 1915 ची सरस्वती भुवन संस्था हा अपवादांपैकी एक. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि सरकारी शाळांचा वारसा त्यांच्याकडे गेला. प्रशालेला कुणालाही दारातून परत पाठवता येत नाही. दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणारे पोर तिच्याच पटावर असते. परीक्षेपुरते परतून नापास झाले तर नाव तिचेच खराब.

उलट ‘शंभर टक्के निकाल’ असा फ्लेक्स लावणाऱ्या शाळेकडे मी आधी नववीचा पट मागेन. नववीत किती होते, दहावीला किती बसले? कच्च्या पोराला नववीतच थांबवायचे, किंवा पालकांना बोलावून दाखला हातात द्यायचा आणि ‘17 नंबरचा फॉर्म भरा’ असे सुचवायचे, ही युक्ती शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ठाऊक असते. मूल खासगी विद्यार्थी म्हणून बसते. नापास झाले तरी फ्लेक्सला धक्का नाही. माझ्या मते ही कॉपीपेक्षा वाईट लबाडी. कॉपी पकडायला निदान भरारी पथक येते.

दरवर्षी पहिल्या येणाऱ्या कोकणाचे कौतुक मलाही आहे. पण तो विभाग म्हणजे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, दोनच जिल्हे. आपल्या विभागात बीड, जालना, परभणी, हिंगोलीही येतात, आणि बीड म्हणजे ऊसतोड कामगारांचा जिल्हा.

मंडळाच्या निकालपत्रकात खासगी विद्यार्थ्यांचा आकडा वेगळा देतात. कोणत्या शाळेने त्यांच्या हाती दाखला ठेवला, त्याचा रकाना तेवढा नसतो.