खिडकीतलं झाड, हॉटेलातला हिनोकी आणि एका किड्याचा हिशेब

झाडांत गेलं की बरं वाटतं, हे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण किती बरं वाटतं? शरीरात नेमकं काय बदलतं? तो बदल किती दिवस टिकतो? या प्रश्नांच्या मागे लागून काही माणसांनी आपली अख्खी कारकीर्द जंगल आणि आरोग्य यांच्या संशोधनात घातली. त्यांच्या खटाटोपातल्या या दहा गोष्टी. एकेक वाचा आणि बाहेर पडा!

१. ऑपरेशन पित्ताशयाचं, संशोधन भूगोलाच्या प्राध्यापकाचं

रॉजर उलरिक हे अमेरिकेतले भूगोलाचे प्राध्यापक. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातल्या फायली त्यांनी उपसल्या. पित्ताशय काढलेले ४६ रुग्ण निवडले. वय, लिंग, वजन, धूम्रपान असं सगळं जुळवून त्यांच्या २३ जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीबाहेर झाडं, दुसऱ्याच्या खिडकीबाहेर विटांची भिंत. झाडवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाल्यांना ८.७० दिवस लागले. झाडवाल्यांना जालीम वेदनाशामकंही कमी लागली. १९८४ साली ‘सायन्स’मध्ये आलेला हा निबंध जेमतेम दोन पानांचा आहे, पण रुग्णालयाची इमारत आखताना आजही त्याचा दाखला दिला जातो.

२. फक्त मे ते ऑक्टोबर

उलरिक यांनी वर्षातल्या याच महिन्यांत ऑपरेशन झालेले रुग्ण घेतले. कारण सोपं आहे. तिथल्या हिवाळ्यात झाडांची पानं गळून जातात, मग खिडकीतून दिसणार काय? चांगला संशोधक ओळखायचा तो अशा बारकाव्यांतून.

३. आधी हाक, मग मोजमाप

जपानच्या वनखात्याचे प्रमुख तोमोहिदे आकियामा यांनी १९८२ साली लोकांना ‘शिनरिन-योकू’साठी, म्हणजे वनस्नानासाठी, रानात बोलावलं. पहिला कार्यक्रम झाला नागानो प्रांतातल्या आकासावाच्या रानात. तिथले हिनोकी वृक्ष सुमारे ३०० वर्षांचे आहेत. रानात गेल्यावर शरीरात काय होतं, हे मोजायला संशोधक योशिफुमी मियाझाकी १९९० साली याकुशिमा बेटावर पोचले. जुन्याजाणत्या सुगी (जपानी सीडर) वृक्षांसाठी प्रसिद्ध असलेल्या या बेटावर त्यांनी ताणाशी निगडित कॉर्टिसॉल हे संप्रेरक तपासलं. तेही सुई न टोचता, लाळेतून!

४. विषांचा अभ्यासक रानात शिरला

डॉ. चिंग ली १९८८ साली चीनहून जपानला शिकायला आले. पुढे टोकियोतल्या निप्पॉन मेडिकल स्कूलमध्ये ते कीटकनाशकं आणि विषारी रसायनं रोगप्रतिकारशक्तीचं काय नुकसान करतात, हे तपासत होते. त्यासाठी ते ‘नॅचरल किलर’ पेशी मोजत. विषाणूंची लागण झालेल्या आणि कर्करोगाच्या पेशींना मारणाऱ्या या पांढऱ्या पेशी. रसायनांनी त्या मंदावतात, तर त्यांना तरतरी कशाने येते? हा प्रश्न त्यांना रानाकडे घेऊन गेला. २००५ साली टोकियोच्या कंपन्यांमधले १२ पुरुष तीन दिवस नागानोतल्या ईयामाच्या रानात फिरले. त्यांतल्या ११ जणांच्या या पेशींचा जोर वाढला, आणि वाढ साधारण ५० टक्के होती. पुढच्या अभ्यासात हा परिणाम महिनाभरानंतरही काही अंशी टिकून होता. शहरातल्या सहलीत मात्र तो दिसला नाही. १२ माणसं हा आकडा लहानच आहे, म्हणून तर पुढे आणखी प्रयोग करावे लागले.

५. रान हॉटेलच्या खोलीत

बरं वाटलं ते चालण्याने, सुट्टीने की झाडांमुळे? ली यांनी एक नामी युक्ती काढली. १२ पुरुषांना टोकियोतल्या हॉटेलात तीन रात्री झोपवलं. दिवसा ज्याने त्याने आपापली नेहमीची कामं करायची. रात्री मात्र खोलीतलं वाफेचं यंत्र हिनोकीच्या खोडाचं तेल हवेत सोडायचं. रानाचं दर्शन नाही, चालणं नाही, सुट्टीही नाही, तरी ‘नॅचरल किलर’ पेशींचा जोर वाढला आणि लघवीतली ताणाची संप्रेरकं उतरली. वनस्पती कीड आणि जंतूंपासून स्वतःचा बचाव करायला अशी गंधयुक्त द्रव्यं सोडतात. त्यांना फायटोनसाइड म्हणतात. रशियन जीवशास्त्रज्ञ बोरिस तोकिन यांनी १९३०च्या आसपासच त्यांच्याकडे लक्ष वेधलं होतं.

६. हिरव्या किड्याने करून दाखवलेला प्रयोग

झाडं तोडून माणसं आजारी पडतात का, हे बघण्यासाठी कोणी झाडं तोडणार नाही. ते काम एका किड्याने केलं. आशियातून आलेला ‘एमराल्ड ॲश बोरर’ हा पाचूच्या रंगाचा भुंगेरा अमेरिकेत मिशिगनमध्ये २००२ साली सापडला. त्याच्या अळ्या सालीखाली बोगदे पाडतात आणि अ‍ॅशची झाडं मरतात. अशी सुमारे १० कोटी झाडं गेली. अमेरिकी वन सेवेतले अर्थतज्ज्ञ जेफ्री डोनोव्हन यांनी १५ राज्यांतल्या मृत्यूंच्या नोंदी या किड्याच्या प्रवासाशी ताडून पाहिल्या. कीड पोचलेल्या भागांत श्वसनविकाराचे ६,११३ आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे १५,०८० मृत्यू जास्तीचे निघाले. त्यांचा निबंध आला २०१३ साली. निव्वळ आकडेवारीवरून कार्यकारण छातीठोकपणे सांगता येत नाही, तरी कीड जितकी जुनी तितका परिणाम मोठा, हेही त्यात दिसलं. झाडांकडे फक्त सावली म्हणून बघणाऱ्यांनी हे आकडे पुन्हा एकदा वाचावेत.

७. फेरी आवडली नाही? तरी चालेल!

मिशिगन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ मार्क बर्मन यांनी विद्यार्थ्यांना आकडे उलट्या क्रमाने म्हणायला लावले. मग निम्म्यांना वृक्षोद्यानातून आणि निम्म्यांना शहराच्या गजबजाटातून सुमारे ५० मिनिटं चालायला पाठवलं. आठवड्याने अदलाबदल केली. वृक्षोद्यानातून आल्यावर आकडे जास्त चांगले आठवले, आणि जानेवारीच्या कडाक्यात कुडकुडत चाललेल्यांनाही तोच फायदा झाला. म्हणजे मजा येवो न येवो, मेंदूला विसावा मिळाला. हा अभ्यास २००८चा. त्याचा पाया याच विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅपलन या दांपत्याने घातला होता.

८. बालवाडीत रान आलं

फिनलंडमधल्या संशोधकांनी काही बालवाड्यांच्या खडीच्या अंगणात रानातली माती, गवत आणि झुडपं आणून पसरली. तीन ते पाच वर्षांची मुलं २८ दिवस तिथे मनसोक्त खेळली. त्यांच्या त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांची विविधता वाढली आणि प्रतिकारशक्ती काबूत ठेवण्याशी संबंधित बदल रक्तात दिसले. २०२० साली छापलेल्या या अभ्यासात ७५ मुलं होती. मुलांना मातीत खेळू द्या, हा सल्ला आता रक्ततपासणीचा अहवाल घेऊन आला आहे.

९. डोस किती? आठवड्याला १२० मिनिटं

इंग्लंडमधल्या सुमारे २० हजार लोकांची माहिती एक्सेटर विद्यापीठातल्या मॅथ्यू व्हाइट यांच्या गटाने २०१९ साली तपासली. आठवड्यात किमान दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. दोन तास एकाच वेळी द्या नाहीतर तुकड्यातुकड्यांनी, फरक पडला नाही. दक्षिण कोरिया तर आणखी पुढे गेला आहे. तिथे वनोपचाराचे सरकारमान्य प्रशिक्षक आहेत, आणि याच विषयाचे प्राध्यापक शिन वॉन-सोप २०१३ मध्ये थेट देशाच्या वन सेवेचे प्रमुख झाले.

१०. जंगल ताप देतं, तेव्हा पुणं कामाला लागतं

या विद्येची दुसरी बाजू आपल्या घरची आहे. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या, शास्त्रज्ञांनी त्यामागचा नवा विषाणू शोधला. तो गोचिडांतून पसरतो. आपल्याकडे या आजाराला माकडताप म्हणतात. २०१५ साली तो गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि पुढच्या वर्षी सिंधुदुर्गात दिसला, तेव्हा काजूच्या बागांत राबणाऱ्यांना त्याची झळ बसली. जंगलाच्या कडेला माणसाची आणि गुराढोरांची वर्दळ वाढली की असे आजार बाहेर यायला वाट मिळते. जंगल राखणं हे म्हणूनही आरोग्याचं काम आहे.

आणि आता तुमची पाळी

पुन्हा एकदा यादी बघा. भूगोलवाला, विषतज्ज्ञ, अर्थतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विषाणूशास्त्रज्ञ. या विषयाला एकच दार नाही. बारावीनंतर काय करायचं, या विवंचनेत असलेल्या मुलामुलींनी हे नक्की लक्षात ठेवावं. साधनंही फार महाग नाहीत. रक्तदाबाचं यंत्र, लाळेचा नमुना, रुग्णालयातल्या जुन्या फायली आणि खमका प्रश्न एवढ्यावर सुरुवात होते. वरचे बहुतेक आकडे थंड प्रदेशातल्या झाडांचे आहेत. सह्याद्रीतल्या दमट, घनदाट रानाचं आणि तापलेल्या विदर्भातल्या सागवनाचं मोजमाप त्याच मातीत, इथल्या माणसांवर व्हायला हवं. रस्त्यासाठी झाड पाडताना आज लाकडाचा भाव धरला जातो. त्यासोबत दम्याचा, रक्तदाबाचा आणि रुग्णालयातल्या दिवसांचा हिशेबही मांडला गेला पाहिजे, आणि तो मांडणारी माणसं आपल्या महाविद्यालयांतूनच घडली पाहिजेत.