संत्र्याला तहान लागू द्या

परसातलं फळझाड : लेखांक सातवा

डिसेंबरचा पहिला आठवडा म्हणजे संत्र्याचं पाणी बंद करण्याचा आठवडा. मागच्या लेखांकात आपण माती पाहिली, खड्डा भरला, कलम कसं निवडायचं ते समजून घेतलं. आज ज्यांच्या अंगणात झाड आधीच उभं आहे, पाच-सहा वर्षांचं झालं आहे, हिरवंगार आहे आणि तरीही फळ देत नाही, त्यांच्यासाठी लिहितो आहे. नागपुरात अशी घरं पुष्कळ आहेत. बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, मेन रोडवर सध्या हातगाड्यांवर संत्र्यांचे ढीग लागलेत आणि तिथून दोन गल्ल्या आत, जुन्या घरांच्या मागच्या अंगणात, संत्र्याची झाडं नुसती पानं मिरवत उभी आहेत.

परसातून शेतात

नागपुरी संत्र्याची कहाणी मुळात बागेतच सुरू होते. भोसले राजघराण्यातल्या रघुजीराजांनी औरंगाबादहून रोपं आणून ती आपल्या खासगी बागेत लावली, असं सांगितलं जातं. पुढे हे झाड शेतात गेलं. काटोल, नरखेड, कळमेश्वर, वरूड, मोर्शी या पट्ट्यातल्या काळ्या जमिनीत ते रुजलं आणि विदर्भाचं नगदी पीक झालं. 1985 साली नागपुरात लिंबूवर्गीय फळांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र उभं राहिलं, तीच आजची अमरावती रोडवरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था. 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बर्डीला लागून असलेल्या महाराजबागेच्या परिसरात तर 1906 पासून कृषी महाविद्यालय आहे.

झाड शेतात गेल्यावर त्याच्याभोवती पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण जमा झालं. बहार कोणता धरायचा, पाणी कधी तोडायचं, पहिलं पाणी किती द्यायचं, हे वरूडच्या बागाईतदाराला शिकवावं लागत नाही. शहरातल्या अंगणात मात्र झाड राहिलं आणि हे शहाणपण मागे पडलं. ते पुन्हा घरी आणायचं आहे.

लाड करून उपाशी ठेवलेलं झाड

बर्डीतल्या एका घरी नुकतंच जाणं झालं. मागच्या दारी संत्र्याचं झाड, उंची छपरापर्यंत, पानं गर्द आणि तेलकट चमकणारी. फळ एकही नाही. घरातल्या काकूंना विचारलं, "पाणी किती देता?" त्या म्हणाल्या, "रोज सकाळी दोन बादल्या. उन्हाळा असो की हिवाळा, चुकवत नाही. जीव आहे बापा त्याचा!"

काकूंच्या मायेत काहीच कमी नाही. झाडाला मात्र वर्षातून एकदा विसावा हवा असतो आणि तो त्याला कधी मिळालेलाच नाही. संत्रं हे समशीतोष्ण आणि उष्ण प्रदेशांच्या मधल्या पट्ट्यातलं झाड. बारमाही हिरवं. ऊब आणि पाणी मिळत राहिलं, तर ते सतत नवी पालवी काढत राहतं. वाढ थांबली की मगच त्याच्या डोळ्यांमध्ये फुलं धरण्याची तयारी सुरू होते. वाढ थांबवण्याचे निसर्गात दोन मार्ग आहेत : थंडी आणि कोरड.

पंजाबात अबोहरकडे किन्नो संत्र्याच्या बागांमध्ये थंडी हे काम चोख करते. तिथे हिवाळ्यात झाड आपोआप थबकतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदाच भरभरून फुलतं. आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरतात खऱ्या, पण दुपारी ऊन चांगलंच असतं. थंडीने झाडाची वाढ मंदावते, पुरती थांबत नाही. उरलेलं काम आपल्याला पाणी तोडून करावं लागतं. त्यालाच ताण देणं म्हणतात.

ही युक्ती फक्त विदर्भाची नाही. इटलीतल्या सिसिली बेटावरचे शेतकरी लिंबाच्या झाडांचं पाणी ऐन उन्हाळ्यात तोडतात आणि ऑगस्टच्या सुमारास पुन्हा देतात. झाडं फुलतात आणि पुढच्या उन्हाळ्यात, बाजारात लिंबं कमी असताना, त्यांना हिरवी लिंबं मिळतात. हजारो मैलांवरच्या दोन मुलखांतल्या शेतकऱ्यांनी झाडाचा हा स्वभाव ओळखला, कारण दोघांनीही झाडाकडे वर्षानुवर्षं नीट पाहिलं.

आंबिया की मृग?

विदर्भात संत्र्याचे दोन बहार प्रमुख. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळं ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तयार होतात. मृग बहार जून-जुलैच्या पावसावर फुलतो आणि त्याची फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. मृगाच्या फळाला रंग जास्त चढतो, कारण ते हिवाळ्यातल्या थंड रात्रींमध्ये पिकतं. सालीतलं हरितद्रव्य विरून केशरी रंग वर यायला गारवा लागतो.

मृगासाठी ताण एप्रिल-मे महिन्यात बसतो. ज्या शहरात मे 2013 मध्ये पारा 47.9 अंशांवर गेला होता, तिथे सिमेंटच्या भिंतींनी वेढलेल्या अंगणात एकुलत्या एका झाडाला त्या दिवसांत उपाशी ठेवणं मला जोखमीचं वाटतं. घरी नळाचं पाणी उन्हाळ्यात देता येतं, म्हणून घरच्या झाडासाठी आंबिया बहार धरावा, असा माझा आग्रह आहे. दोन्ही बहार एकाच वर्षी घेण्याचा मोह मात्र टाळा. झाड थकतं आणि त्याचं आयुष्य घटतं.

ताण कसा द्यायचा

आधी झाडावर आंबियाची फळं असतील तर ती सगळी उतरवून घ्या. मृगाची फळं लगडलेली असतील, तर या हिवाळ्यात ताण द्यायचाच नाही.

मग पाणी बंद करा. किती दिवस, ते मातीवर ठरतं आणि इथे बर्डीतल्या लोकांनी आपल्या पायाखाली काय आहे ते ओळखायला हवं. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची. दख्खनच्या काळ्या खडकाचा पूर्वेकडचा काठ नागपुराशी येऊन संपतो. टेकडीच्या उतारावर हातभर मातीखाली मुरूम लागतो, तर सखल भागात खोल काळी माती सापडते. मुरमाड, हलक्या जमिनीत महिनाभराचा ताण पुरतो. भारी काळ्या जमिनीत ओल खाली दडून राहते, तिथे दीड ते दोन महिने लागतात.

दिवस मोजण्यापेक्षा झाडाकडे पाहा. आधी पानांची चमक जाते. मग दुपारी पानं मलूल होऊन मध्यशिरेभोवती वळतात, पण सकाळी पुन्हा ताठ दिसतात. हा ताणाचा मध्य. पुढे सकाळीसुद्धा ती वळलेलीच राहतात, रंग पिवळट होतो आणि साधारण चौथा हिस्सा पानं गळून पडतात. इथे थांबायचं. यापुढे फांद्या वाळायला लागतात.

शहरात ताण फसतो तो चोरट्या ओलीमुळे. मोरीचं पाणी आळ्याकडे झिरपतं, टाकी भरून वाहते, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारं पाणी कुणीतरी झाडाला घालतं. हे शेवटचं पाणी तर एरवीही घालू नये. त्यात क्षार एकवटलेले असतात आणि संत्र्याला क्षार सोसत नाहीत. शेजारच्या फुलझाडांना पाणी घालताना पाइप संत्र्याकडे वळू नये, हेही घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. मध्येच अवकाळी पाऊस झाला तर ताण मोडतो. झाड अर्धवट फुलतं. त्या वर्षी जे येईल ते घ्यावं, पुन्हा ताण देऊन झाडाला छळू नये.

आणखी दोन पथ्यं. पाच वर्षांखालच्या झाडाला ताण नाही, त्याला अजून अंग धरायचं आहे. कुंडीतल्या झाडाची माती काही दिवसांतच सुकते, तेव्हा तिथे पानं सकाळी वळलेली दिसली की लगेच पाणी द्या.

या सुटीत करायची कामं

पाणी बंद असताना झाडाची डागडुजी करून घ्या. वाळलेल्या काड्या, म्हणजे सल, जिवंत लाकडापर्यंत कापून काढा. खोडातून सरळ वर धावणारे जाड, कोवळे पाणसोट काढा. ते अन्न खातात आणि फळ देत नाहीत.

कलमाच्या जोडाखाली फुटलेले धुमारे निरखून पाहा. आपली संत्री बहुतेक जंबेरीच्या खुंटावर डोळा भरून केलेली असतात. जोडाखालून आलेली फांदी जंबेरीची. तिला काटे जास्त, पान रुंद. ती वाढू दिली तर हळूहळू वरचं संत्रं मरतं आणि झाडाला खरबरीत सालीची, पिवळी, आंबट फळं लागतात. "संत्रं लावलं आणि ईडलिंबासारखं काहीतरी निघालं" ही तक्रार अनेक अंगणांत ऐकू येते, तिचं कारण बहुधा हेच. असा धुमारा दिसताच बुडापासून काढून टाका.

कापणी झाली की खोडाला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावा. एका झाडाला 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना आणि एक लिटर पाणी पुरतं. मोरचूद आणि चुना अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवा, भांडी प्लॅस्टिकची किंवा मातीची घ्या, मग दोन्ही एकत्र ओतून ढवळा. त्यात स्वच्छ लोखंडी सुरीचं पातं मिनिटभर बुडवून बाहेर काढा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, थोडी निवळी आणखी घाला. पातं स्वच्छ निघालं की आकाशी रंगाचं मलम तयार. डिंक्या या रोगाने खोडावर डिंक पाझरून साल कुजते, त्याला हे मलम अडवतं. पावसाळ्यापूर्वी हा हात पुन्हा एकदा फिरवायचा.

आळंही आत्ताच नवं करा. बुंध्याला टेकलेलं एकच आळं हे घरच्या संत्र्याच्या मरणाचं मोठं कारण, कारण भिजत्या सालीतच डिंक्या शिरतो. बुंध्याभोवती फूट-दीड फुटावर मातीचा एक बांध घाला आणि पानांची सावली जिथे संपते तिथे दुसरा. पाणी फक्त या दोन बांधांच्या मध्ये. बुंधा कोरडा राहतो आणि पाणी तिथेच पोचतं जिथे अन्न घेणारी बारीक मुळं असतात, वरच्या फूटभर मातीत, सावलीच्या कडेला.

ताण तोडताना

जानेवारीच्या मध्याला, झाडाने खूण दिली की, दोन बांधांमधली माती हलकी खुरपून दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी ढेप मिसळा. मग पाणी. पहिलं पाणी, आंबवणीचं, अगदी हलकं द्या, माती नुसती ओली होईल इतकंच. चार-पाच दिवसांनी चिंबवणीचं, त्याहून थोडं जास्त. त्यानंतर नेहमीच्या पाळ्या सुरू करा. इतके दिवस कोरड्या राहिलेल्या मुळांना एकदम बुडवलं, तर फुलांऐवजी पालवीच उसळून येते.

सगळं जुळून आलं तर दोन-तीन आठवड्यांत कोवळ्या फुटीबरोबर पांढऱ्या कळ्या दिसू लागतात. ही फूट जपायला हवी, कारण सिट्रस सिल्ला नावाची बारीक कीड नेमक्या याच पानांवर येते. ती रस शोषते आणि झाडाला पोखरून टाकणारा ग्रीनिंग रोगही पसरवते. फाटकाशी लावलेली कुंती आणि स्वयंपाकघरामागचा गोडनिंब ही दोन्ही झाडं तिची आवडती वस्ती आहेत. त्यांना तोडायची गरज नाही, पण फवारणी करताना त्यांनाही घ्या. लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि ते मिसळावं म्हणून थोडा साबण, एवढं पुरेसं. फुलं उमलण्याआधीच हे उरकून घ्या. फुलांवर मधमाश्या बसतात तेव्हा काहीही फवारू नका.

फुलं आणि बोराएवढी फळं गळताना पाहून घाबरू नका. शंभर फुलांमधून तीन-चार फळं टिकली तरी ते चांगलं उत्पन्न असतं. बाकीची झाड स्वतःच सोडून देतं. आपल्या हातात आहे ते एप्रिल-मेमधलं पाणी. त्या दिवसांत माती एकदा सुकवून एकदा चिखल करणं टाळा. सावलीखाली वाळक्या गवताचं किंवा पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, बुंध्यापासून थोडं दूर. एकदा बहार धरला की पाण्यात खंड नाही.

काकूंना मी एवढंच सांगितलं की दोन बादल्या बंद करायच्या त्या फक्त या थंडीपुरत्या, बाकीचं वर्ष त्यांचीच माया झाडाला जगवणार आहे. त्या म्हणाल्या, "पाहू करून." ज्यांच्या अंगणात संत्रं आहे त्या प्रत्येकाने या वर्षी हे करून पाहावं. काटोल-वरूडचा शेतकरी हे काम दरवर्षी शेकडो झाडांवर करतो, आपल्याला तर एकच झाड सांभाळायचं आहे.

(पुढील लेखांकात : परसातला पेरू. त्याचा बहार पाण्याने नव्हे, कात्रीने कसा धरायचा, ते पाहू.)