डॅशबोर्डवरचा दिवा आणि पुन्हा पुन्हा येणारा बिघाड

कॅडेट मित्रांनो, आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांची बदली दर दोन-तीन वर्षांनी होते. जयपूरला नैऋत्य कमांडचे मुख्यालय असल्यामुळे तिकडे राहून आलेली मराठी कुटुंबे आपल्या शाळेतही असतात. नव्या ठिकाणी गेल्यावर पुष्कळ जण वापरलेली गाडी घेतात. जयपूरपासून सुमारे ३० किलोमीटरवर, सीकरच्या रस्त्यावर चौमूं गाव आहे. त्या गावावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ पुढे कोटा, इंदूर करत धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड, सोलापूर असा आपल्या महाराष्ट्रातून जातो. सुट्टीत सामान आणि मुले गाडीत घालून याच रस्त्याने गावी येणारी कुटुंबे आहेत. अशा लांबच्या प्रवासात डॅशबोर्डवर एखादा दिवा लागला, तर काय करायचे? गाडी थांबवायची की चालवत राहायची? हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे, म्हणून हा लेख.

आधी रंग पाहा

दिव्यांच्या रंगांना ठरलेला अर्थ आहे. हिरवा आणि निळा दिवा फक्त माहिती देतो. काही गाड्यांत इंजिन थंड असताना निळा दिवा लागतो आणि इंजिन तापले की विझतो. तो बिघाड नव्हे. पिवळा किंवा नारिंगी दिवा म्हणजे ‘लवकर तपासून घ्या’. लाल दिवा म्हणजे ‘सुरक्षित जागा पाहून आत्ता थांबा’.

लाल दिव्यांपैकी चार ओळखता आलेच पाहिजेत.

तेलाच्या किटलीचा दिवा तेलाचा दाब कमी झाल्याचे सांगतो. तेल किती आहे हे तो सांगत नाही. दाब नसेल तर बेअरिंगला तेल पोहोचत नाही आणि थोड्या वेळात इंजिन जाम होऊ शकते. म्हणून इंजिन लगेच बंद करावे. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ हा विचार इथे फार महाग पडतो.

तापमानाचा लाल दिवा लागला तर थांबून इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये. ते झाकण आतल्या पाण्यावर दाब राखते. वातावरणाच्या दाबाखेरीज आणखी एक बार दाब असेल तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. गरम असताना झाकण काढले की दाब एकदम उतरतो, पाण्याची वाफ होते आणि हात-तोंड भाजते. हे भौतिकशास्त्राच्या तासाला शिकलेलेच आहे.

बॅटरीचा दिवा म्हणजे चार्जिंग होत नाही. अनेक गाड्यांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर चालतात. पट्टा तुटला असेल तर बॅटरीच्या दिव्यामागोमाग इंजिनही तापते.

ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही राहिला, तर ब्रेक ऑइल कमी झालेले असू शकते. अशी गाडी पुढे नेऊ नये.

‘चेक इंजिन’ काय सांगतो

इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा थोडा वेगळा आहे. इंजिनावरचे सेन्सर हवा, इंधन, तापमान आणि धूर यांची खबर सतत गाडीतल्या संगणकाला देतात. एखादे माप मर्यादेबाहेर गेले की संगणक त्याचा कोड नोंदवतो. बरेच बिघाड सलग दोन फेऱ्यांत दिसले तरच दिवा लागतो. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ही पद्धत सक्तीची झाली. भारतातल्या आजच्या बीएस-६ गाड्यांतही ती असते. स्टिअरिंगखाली १६ पिनांचे सॉकेट असते. मेकॅनिक ‘स्कॅनर लावतो’ तो तिथेच.

दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते. दिवा लुकलुकत असेल तर मात्र इंजिन ‘मिसिंग’ करत आहे. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो महागडा भाग खराब होतो. लगेच वेग कमी करावा, सुरक्षित जागी थांबावे आणि शक्यतो गाडी पुढे ओढत न्यावी.

कोड म्हणजे निदान नव्हे

इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. पी ०१७१ या कोडचा अर्थ एवढाच, की इंजिनाला हवेच्या मानाने इंधन कमी मिळते. कारण फाटलेला होज असेल, मरगळलेला इंधन पंप असेल, किंवा धुळीने माखलेला हवेचा सेन्सर असेल. पी ०४२० म्हणतो, की कन्व्हर्टरचे काम नीट होत नाही. पण त्यामागे जुने मिसिंग किंवा सायलेन्सरची गळतीही असू शकते. कोड वाचून थेट तो भाग बदलला, तर ‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ अशी गत होते. कोड म्हणजे पहारेकऱ्याची आरोळी. शत्रू कोण आणि कुठून आला, ते जाऊन पाहावे लागते.

तोच बिघाड पुन्हा आला, तर समजावे की लक्षणावर इलाज झाला, मूळ तसेच राहिले. दोन उदाहरणे घेऊ.

गाडी तापते. पाणी कमी म्हणून पाणी भरले, आठवड्याने पुन्हा तापली. कूलंटची व्यवस्था बंद असते. पाणी आपोआप संपत नाही. म्हणजे ते कुठेतरी जाते आहे. होज, पंप, झाकण यांतून गळत असेल, किंवा हेड गॅस्केट जाऊन इंजिनात जळत असेल. पाणी पुरेसे असूनही तापत असेल, तर थर्मोस्टॅट, पंखा आणि रेडिएटरची जाळी पाहावी. राजस्थानच्या उन्हाळ्यात या साऱ्यांची परीक्षा होते. त्यात बोअरचे क्षारयुक्त पाणी घातले, तर क्षार आत साचून नळ्या अरुंद होतात. म्हणून कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळावा.

दुसरे उदाहरण ब्रेकचे. ब्रेक पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतो आणि टाकीतील तेलाची पातळी उतरते. नुसते तेल भरले की दिवा विझतो, पण झिजलेले पॅड तसेच राहतात. दिवा विझला म्हणजे गाडी दुरुस्त झाली, असे नसते.

वापरलेली गाडी घेताना

कोड स्कॅनरने पुसता येतात. विकण्याआधी कोणी ते पुसले, तर दिवा त्या दिवशी लागत नाही, काही दिवसांनी लागतो. हे ओळखण्याच्या दोन युक्त्या आहेत.

पहिली अशी, की चावी ऑन करावी, पण इंजिन चालू करू नये. सर्व इशारादिवे क्षणभर लागले पाहिजेत. ‘चेक इंजिन’चा दिवा लागलाच नाही, तर तो बिघडला आहे किंवा मुद्दाम बंद केला आहे.

दुसरी अशी, की स्कॅनरवर ‘रेडिनेस’ पाहावा. कोड पुसले की संगणकाच्या स्वतःच्या चाचण्याही ‘अपूर्ण’ दिसतात. त्या पूर्ण व्हायला बरीच फिरवाफिरव लागते. बॅटरी काढल्यानेही असे होऊ शकते, म्हणून लगेच आरोप करू नये. चार दिवस गाडी चालवून पुन्हा तपासू द्या, असे विक्रेत्याला सांगावे. नाही म्हटले तर दुसरी गाडी बघावी.

शिवाय इंजिन थंड असतानाच चालू करून पाहावे. आधीच गरम करून ठेवलेली गाडी बरेच दोष लपवते.

फर्स्ट परेड घरीही

सैन्यात गाडी हलवण्यापूर्वी ‘फर्स्ट परेड’, वाटेतल्या मुक्कामावर ‘हॉल्ट परेड’ आणि परतल्यावर ‘लास्ट परेड’ होते. तेल, पाणी, टायर, पट्टा, गळती रोज पाहिली जाते. दुरुस्तीसाठी ईएमईसारखी कोअर आहे. तिचा स्थापनादिन १५ ऑक्टोबरला साजरा होतो. पण ड्रायव्हरने पाहिलेच नाही, तर ईएमईचा कारागीर तरी काय करणार?

घरच्या गाडीसाठी हे काम कॅडेट करू शकतो. एक छोटी वही ठेवा. दिवा कोणता, स्थिर की लुकलुकणारा, तारीख, किलोमीटर, इंजिन थंड की गरम, एसी चालू की बंद, चढ की सपाट, पाऊस होता का, हे लिहा. कधी येतो, कधी जातो असा बिघाड गॅरेजमध्ये नेमका दिसत नाही. सैल वायर किंवा उंदराने कुरतडलेला जोड असाच फसवतो. अशा वेळी मेकॅनिकला वहीचा उपयोग स्कॅनरइतकाच होतो. दुरुस्ती झाल्यावर काय बदलले आणि का, तेही लिहून घ्या. तोच दिवा पुन्हा लागला, तर वही दाखवून विचारता येते, ‘काका, हे मागच्या वेळी बदलले होते, मग मूळ कारण काय?’

आणि बदली झाल्यावर गाडी विकायची वेळ आली, तर फॉर्म २९ आणि ३० बरोबर ती वहीही नव्या मालकाला द्या. त्यात लिहिलेल्या बिघाडांमुळे दोन पैसे कमी मिळतील. पण ती गाडीही उद्या कुणाची तरी मुले घेऊन याच रस्त्याने जाणार आहे.