ला मासियात मुलींना खाट मिळाली

बार्सिलोना फुटबॉल क्लबची ‘ला मासिया’ अकादमी म्हटली की मेसी, झावी, इनिएस्ता ही नावं ओघानंच येतात. स्टेडियमशेजारच्या १७०२ सालच्या दगडी शेतघरात क्लबनं १९७९ मध्ये बाहेरगावच्या मुलांसाठी वसतिगृह थाटलं. २०११ मध्ये ते सांत जोआन देस्पीच्या नव्या इमारतीत गेलं. मुलींना तिथं राहायला जागा मिळाली ती थेट २०२१ मध्ये. तोवर मुली खेळत नव्हत्या असं मुळीच नाही. त्यांना खाट नव्हती, एवढंच.

खाट किरकोळ वाटते खरी, पण अकादमीचं अर्धं काम तीच करते. सांत पेरे दे रिबेस या गावची आयताना बोनमाती २०१२ मध्ये, चौदाव्या वर्षी क्लबात आली. आईवडील दोघंही गाडी चालवत नसत, म्हणून वडील तिला बसनं, रेल्वेनं सरावाला घेऊन जायचे आणि घरी परत आणायचे. पुढे तिनं बॅलन डी’ओर हा वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार २०२३ पासून सलग तीनदा पटकावला. ज्या मुलींच्या घरी असं कुणाला जमलं नाही त्यांचं काय झालं, याची नोंद कुठलाच क्लब ठेवत नाही.

अलेक्सिया पुतेयासची गोष्ट तर क्लबाला अवघडवणारी. लहानपणी एक हंगाम ती इथं खेळली, मग संघांची फेररचना झाली आणि तिला बाहेर पडावं लागलं. ती घडली शेजारच्या एस्पान्योल क्लबात. लेवांतेमार्गे २०१२ मध्ये परतली आणि २०२१, २०२२ असे दोन बॅलन डी’ओर तिनं मिळवले. बार्सिलोना आज तिला घरची लेक म्हणून मिरवतं. माझ्या मते त्या मिरवणुकीत एस्पान्योललाही मान हवा.

मैदानावर मात्र मुलींसाठी वेगळा, सोपा अभ्यासक्रम नाही. सरावात ‘रोंदो’ असतोच: कडं करून उभ्या मुली, मधे चेंडू हिसकावू पाहणाऱ्या एक-दोघी, आणि चेंडूला एक किंवा दोनच स्पर्श. चेंडू पायाशी येण्याआधीच मान वळवून पुढचा पास हेरलेला असावा लागतो. उशीर झाला की मधे जायचं. धाकट्या मुलींचे संघ मुलांच्या लीगमध्ये खेळतात. तिथं धक्काबुक्कीत निभाव लागणं कठीण, मग डोकं आधी चालवावं लागतं.

गुडघ्याचं मात्र वेगळं बघावं लागतं. गुडघ्यातला पुढचा अस्थिबंध, खेळाडूंच्या बोलीत ‘एसीएल’, तुटण्याचं प्रमाण मुलींत मुलांपेक्षा बरंच जास्त. खुद्द अलेक्सियाचा तो २०२२ च्या युरो स्पर्धेच्या तोंडावर तुटला. म्हणून मुलींच्या सरावात उडी मारून उतरण्याचीही शिकवणी लागते: गुडघा आत झुकता कामा नये, पावलाच्या रेषेतच वाकला पाहिजे. रटाळ काम, पोरी कंटाळतात. पण एक गुडघा गेला की हंगामभर बाकावर बसायचं, हे त्यांनी मोठ्या खेळाडूंचं पाहिलेलं असतं.

वसतिगृह खुलं झाल्यावर क्लबाची नजर आपल्या कातालोनिया प्रांतापलीकडेही सहज पोचू लागली. विकी लोपेझ २०२२ मध्ये माद्रिदहून आली, वय सोळाच्या आसपास. २०२५ मध्ये तरुण खेळाडूंसाठीची कोपा ट्रॉफी पहिल्यांदाच महिलांना देण्यात आली, ती तिनंच जिंकली.